मळ्या अंडी कधी घालतो?

मळ्या हा बोटभर, फार तर वीतभर लांबीचा मासा. सह्याद्रीतून पूर्वेला उतरणाऱ्या खडकाळ ओढ्यांत तो हमखास सापडतो. तोंड खालच्या अंगाला, त्याच्यामागे एक मांसल चकती. या चकतीच्या आधाराने तो जोरदार धारेतही दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. बाजारात त्याला भाव नाही. काठावरची माणसं घरच्या कालवणापुरता धरतात, उरला तर वाळवतात. त्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्ल्या. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ साली प्रसिद्ध केला, त्यात या माशाचं पहिलं वर्णन आहे. कोळ्या-भोयांनी सांगितलेली नावंच साइक्स यांनी शास्त्रीय नावात घातली, म्हणून मुल्ल्या, खुद्री, कोलुस हे शब्द आज जगभरच्या मत्स्यसंग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर आहेत.

पुण्यात प्राणिशास्त्राच्या विभागात पीएचडीला आले तेव्हा या माशावर काम करायचं माझ्या मनात नव्हतं. मला नवी जात शोधायची होती. तो काळच तसा होता. २०२० साली आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या छोट्या माशाचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून वर्णन झालं आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका माशामुळे एक झरा वाचतो, हे पाहून मी भारावून गेले होते. आजही त्या कामाबद्दल मला आदरच वाटतो.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “भोरकडच्या ओढ्यातला मळ्या अंडी कधी घालतो?”

मी म्हटलं, पावसाळ्यात.

“पावसाळा चार महिन्यांचा असतो. चारांपैकी कधी? एकदाच की पुन्हापुन्हा? केवढी झाल्यावर मादी पहिल्यांदा अंड्यावर येते? पाऊस उशिरा आला तर काय करते?”

मी ग्रंथालयात बसले. रोहू, कटला, मृगळ यांच्यावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलेलं होतं. मळ्यावरचे निबंध मोजके होते आणि तेही दुसऱ्या नद्यांचे, दुसऱ्या हवामानातले. जो मासा हजारोंनी आहे, ज्याला साइक्स यांच्यापासून सगळे ओळखतात, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची तारीख आमच्या ओढ्यापुरती कुणी लिहून ठेवली नव्हती. ते मला खरोखर लागलं. विषय तिथेच ठरला.

पहिले काही महिने मात्र मी ओढ्यावर गेलेच नाही. लॅबमध्ये जुन्या बरण्यांतले मासे काढून मोजत बसायचं, हेच काम. फॉर्मालिनमध्ये घट्ट झालेला आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेला मासा पाण्याखाली धुऊन घ्यायचा, ट्रेमध्ये डावी बाजू वर करून ठेवायचा आणि व्हर्नियर लावायचा. माशाची लांबी म्हणजे तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत असं घरी कुणीही सांगेल. ती झाली एकूण लांबी. आम्ही मुख्यतः मोजतो ती प्रमाण लांबी: मुस्कटाच्या टोकापासून शेपटीचे पर जिथून फुटतात त्या हाडाच्या कडेपर्यंत. शेपटीचे पर झिजतात, तुटतात, कुणी कुरतडलेले असतात. हाड तिथेच राहतं. शेपटी हलकेच वाकवली की त्या कडेवर एक घडी उमटते. ती घडी ओळखायला बोटांना सवय व्हावी लागते. मॅडम तेच मासे आठवड्याने पुन्हा मोजायला लावत, आधीचे आकडे झाकून. दोन्ही वेळचे आकडे जुळू लागले की मगच पुढचं माप.

मग डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास, शरीराची खोली. मग मोजणी: बाजूच्या रेषेवरचे खवले, पाठीच्या पराचे काटे आणि किरण. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली सुईच्या टोकाने एकेक खवला ढकलत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते कधीच तसं वाटलं नाही. वीस मासे मोजल्यावर एकविसावा मासा हातात घेतानाच कळतं की याचं डोकं जरा आखूड आहे. ही नजर पुस्तकातून येत नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७०च्या दशकात भारतभरच्या माशांची जी वर्णनं छापली, ती वाचायला लागले तेव्हा जाणवलं, की हा माणूस मासा किती वेळ हातात धरून बसला असेल.

डीएनएचं काम याच्याच जोडीने झालं. पराचा नखाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये घ्यायचा, कारण फॉर्मालिनमध्ये गेलेल्या माशाचा डीएनए खराब होतो. पुढे पीसीआर करून, जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून घ्यायचा आणि आधी नोंदलेल्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. गारा वंशात एकमेकांसारखे दिसणारे मासे पुष्कळ, तेव्हा आपण वर्षभर ज्याच्यावर काम करणार तो एकच मासा आहे याची खात्री हवी. ती झाली आणि मी ओढ्याकडे वळले.

ओढा भोर तालुक्यातला, नीरेला जाऊन मिळणारा. परवानग्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नैतिक समितीची मंजुरी या गोष्टींत बराच काळ गेला. समितीने विचारलेला एक प्रश्न मला योग्य वाटला: मासा न मारता हे कळणार नाही का? पावसाळ्याच्या तोंडावर नराच्या मुस्कटावर खरखरीत पुटकुळ्या येतात, तेव्हा बोट फिरवून नर ओळखता येतो. एरवी नर-मादी बाहेरून सारखेच. आणि अंडाशयाच्या आत काय चाललंय हे पोट उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की शक्य तितके मासे ओढ्यावर मासे धरणाऱ्या मामांनी स्वतःसाठी धरलेल्यांतूनच विकत घ्यायचे, स्वतंत्रपणे कमीत कमी धरायचे, आणि एक मासा हातात आला की त्याच्यापासून मिळेल ते सगळं नोंदवायचं: वजन, लांबी, आतडं, जननग्रंथी, पराचा तुकडा. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा आधी सुस्तावतो, मग त्याचे कल्ले थांबतात. ते थांबेपर्यंत मी तिथून उठत नसे. आजही उठत नाही.

मामा म्हणजे ओढ्याकाठच्या वाडीतले एक भोई. वय साठीच्या पुढचं. फेकजाळं खांद्यावरून असं सोडत की ते पूर्ण गोल उघडूनच पाण्यावर पडे. मी दर महिन्याला साधारण त्याच आठवड्यात जाई. आधी पाण्याची मापं: तापमान, आम्लता, धारेचा वेग. वेगासाठी ठरलेल्या अंतरावर तरंगती वस्तू सोडून स्टॉपवॉच लावायचं. विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने. बुडबुडा न येऊ देता काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. पाणी मेलेलं असेल तर तो पांढराच राहतो. साका सल्फ्युरिक ॲसिडने विरघळवला, स्टार्च घातला की द्रावण निळं होतं आणि थायोसल्फेटचा शेवटचा थेंब पडताच ते निळेपण जातं. पुणे शहरातल्या मुठेचं पाणी शिकवण्यासाठी आणलं होतं तेव्हा पांढरा साका मी पाहिला होता. ओढ्याच्या पाण्याचा गडद तपकिरी रंग पाहून बरं वाटायचं.

माझ्या कामाचे सगळ्यात गरजेचे महिने तेच सगळ्यात अवघड निघाले. मे अखेर ओढा ठिकठिकाणी तुटलेल्या डोहांत उरतो. मासे त्या डोहांत दाटीने जगतात, बगळे आणि माणसं दोघंही तिथेच येतात. मग मृगाचे पाऊस होतात, आणि एका रात्रीत ओढा लाल पाण्याने भरून वाहू लागतो. तेव्हा मधल्या धारेत उभं राहणं शक्य नसतं. आम्ही कमरेला दोर बांधून काठाकाठाने जाळं टाकायचो. हेच दिवस चढणीच्या माशांचे. पहिल्या पुरासरशी नदीतले मासे उलट्या धारेने ओढ्यात, ओढ्यातून पऱ्हात, तिथून भातखाचरांच्या बांधापर्यंत चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात. लोक रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन निघतात, सापळे लावतात, बांधाच्या तोंडाशी कपडा धरतात. घरोघरी त्या दिवसांची वाट पाहिली जाते आणि हा आनंद मी जवळून पाहिला आहे. पण चढणीचा मासा चढतो तो अंडी टाकायला. जाळ्यात आलेल्या माद्यांची पोटं फुगलेली असत, हाताच्या दाबानेच अंडी बाहेर येत.

मामांना मी विचारलं, “मामा, मळ्याला कळतं कसं, आता चढायचं म्हणून?”

“पाण्यावरून कळतंय त्याला. नुसता पाऊस पडून भागत न्हाय, ताई. पाणी गढूळ झालं, थंड झालं, वरनं मातीचा वास आला की हलतोय तो. खोटा पूर आला तर हलत न्हाय.”

खोटा पूर म्हणजे त्यांच्या भाषेत वळवाचा पूर: एक दिवस येतो आणि ओसरतो. पुढे माझ्या नोंदींत हाच भेद दिसला. वळवाने ओढा वाहिला त्या महिन्यात अंडाशयं जड होती, पण भरलेलीच राहिली. लागून पाऊस झाल्यावर मात्र ती रिकामी होऊ लागली. मामांनी सांगितलेलं मी प्रबंधात त्यांच्या परवानगीने, मुलाखतीची नोंद म्हणून घातलं आहे. अशी माहिती आपण वाचली तर संदर्भ देतो आणि ऐकली तर देत नाही, हे मला पटत नाही.

लॅबमध्ये परतल्यावर मासे उघडायचे. गुदद्वारापासून कात्री पुढे न्यायची, टोक वर ठेवून, म्हणजे आतलं काही कापलं जात नाही. सगळ्यात आधी दिसतं ते आतडं. ते शरीराच्या कितीतरी पट लांब असतं, गुंडाळी-गुंडाळी करून बसवलेलं. शेवाळ खाणाऱ्या माशाचं आतडं असंच असतं, कारण ते पचायला वेळ लागतो. त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला की डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या सिलिकाच्या कवचांचे आकार दिसतात, होड्यांचे, पट्ट्यांचे, चकत्यांचे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला जातो, त्याची माती पावसात ओढ्यात येते, दगडांवर बसते. त्या मातीखाली शेवाळ मरतं. वरून ओढा छान वाहताना दिसतो आणि मळ्याला मात्र खायला काही उरलेलं नसतं. हे आतडं उघडल्यावर जितकं स्पष्ट कळलं, तितकं कुठल्याही अहवालातून कळलं नव्हतं.

मग जननग्रंथी. हिवाळ्यात मादीचं अंडाशय म्हणजे पाठीच्या कण्याला चिकटलेले दोन पारदर्शक दोरे. फेब्रुवारी-मार्चपासून त्यांना रंग चढू लागतो. मेमध्ये पोटाची बहुतेक पोकळी त्यांनीच व्यापलेली असते, आणि आतली पिवळसर अंडी राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी सुटी दिसतात. ग्रंथीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत मोजायचं, माशाच्या वजनाने भागायचं, शंभराने गुणायचं. याला आम्ही जीएसआय म्हणतो. महिन्यागणिक तो मांडला की आलेख उन्हाळ्यात चढतो, पावसाळ्यात टोक गाठतो आणि मग कोसळतो. इथे थांबलं असतं तरी प्रबंध झाला असता. बरेच प्रबंध इथेच थांबतात. माझ्या मते ते पुरेसं नाही. जीएसआय सांगतो की अंडाशय जड आहे. त्यात किती अंडी पिकली, किती टाकून झाली, किती मागे ठेवली हे तो सांगत नाही.

त्यासाठी हिस्टॉलॉजी, म्हणजे अवयवाचे पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहणं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात संथ आणि मला सगळ्यात आवडलेला काळ. अंडाशयाचा तुकडा बुअँच्या पिवळ्या द्रावणात स्थिर करायचा. पिक्रिक ॲसिडचा तो रंग नखांवरून लवकर जात नाही. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी हळूहळू काढायचं, झायलीनमधून न्यायचं आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवून ठोकळा घडवायचा. मायक्रोटोमवर त्याचे पाच-सहा मायक्रॉन जाडीचे काप निघतात, एकाला एक चिकटून लांब पट्टी होते. ही पट्टी कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात. मग अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवलेल्या काचपट्टीवर ती अलगद उचलून घ्यायची. पिकलेलं अंडाशय कापणं फार अवघड, कारण बलकाने भरलेली अंडी मेणात ठिसूळ होतात आणि पात्याखाली तडकतात. विभागातल्या काकांनी, ज्यांनी आमच्या कितीतरी आधीच्या विद्यार्थ्यांना काप काढायला शिकवलं होतं, मला ठोकळ्याच्या तोंडावर बर्फ धरायला सांगितलं. ठोकळा गार झाला की पातं सरळ जातं.

हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेली पहिली चांगली काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा एका कापात माशाचं सगळं वर्ष दिसत होतं. अगदी कोवळी अंडी गडद जांभळी, त्यांच्या केंद्रकाच्या कडेने ठिपक्यांची रांग. त्यांच्याहून मोठी, कडेला फिकट पोकळ्या आलेली. आणि सगळ्यात मोठी, बलकाच्या गुलाबी कणांनी ठासलेली. मला वाटलं, वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र आहेत म्हणजे मासा टप्प्याटप्प्याने अंडी टाकतो. मॅडमनी तिथेच थांबवलं. कोवळी अंडी पुढच्या वर्षांची पुंजी असते. ती कुठल्याही महिन्यात, बहुतेक कुठल्याही माशात असणारच. टप्प्यांचा पुरावा वेगळा: अंडं बाहेर पडल्यावर मागे राहिलेली रिकामी, चुरगळलेली पिशवी आणि तिच्याशेजारी पुढची पिकत असलेली अंडी, दोन्ही एकाच अंडाशयात. ही पिशवी थोड्याच दिवसांत विरून जाते. म्हणजे मासा अगदी नेमक्या दिवसांत हाती यायला हवा. आणि ते दिवस पुराचे.

अशा थोड्या काचपट्ट्या मिळाल्या. त्यांत मला जे दिसलं त्यावरून आमच्या ओढ्यातली निदान काही मादी-मासे एकाच खेपेत सगळी अंडी टाकत नसावेत. प्रबंधात मॅडमनी ‘शक्यता’ हाच शब्द राहू दिला, आणि तो बरोबर आहे. पण ही शक्यता खरी असेल तर तिचा अर्थ मोठा आहे. पहिल्या पुरात चढणारी मादी वाचली, तर ती त्याच पावसाळ्यात पुन्हा अंडी टाकू शकेल. पहिल्या रात्री सापळ्यात गेली तर तिची पुढची खेपही गेली.

माशाचं शरीर या सगळ्या खुणा वाचतं कसं, हे शिकताना एक जुनी गोष्ट पुन्हा वाचली. रोहू-कटला नद्यांच्या पुरात अंडी टाकतात, तळ्यात कितीही पोसले तरी टाकत नाहीत. दिवसाची लांबी, पाण्याचं तापमान, पुराची चाहूल हे सगळं मेंदूपर्यंत पोहोचतं आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून पुढचा आदेश निघतो. तळ्यात तो आदेशच निघत नाही. ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी या ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून तळ्यात अंडी टाकवून घेतली. तो दिवस होता १० जुलै १९५७. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आम्हीही मासळी बाजारातून रोहूची डोकी आणून कवटीचं झाकण काढून, मेंदू बाजूला सारून ती ग्रंथी काढायला शिकलो. मुगाच्या डाळीहूनही लहान असा तो पांढुरका कण. देशातली आजची गोड्या पाण्याची मत्स्यशेती त्या कणाच्या अभ्यासातून उभी राहिली. एका माशाचं प्रजनन नीट समजलं की केवढं काय होऊ शकतं! लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास केली, तीही याच ज्ञानावर. मळ्याला विकायचं नाही, त्याची शेती करायची नाही, म्हणून त्याच्या वाट्याला हा अभ्यास आला नाही. माझ्या मते अभ्यासाचं कारण बाजार असता कामा नये. ओढ्यातला दगडावरचा शेवाळाचा थर रोज खरवडून ठेवणारा, मोठ्या माशांचं आणि खंड्याचं अन्न होणारा हा मासा आहे. तो गेला तर ओढाच बदलतो.

लांबी-वजनाचं गणित, पहिल्यांदा अंड्यावर येण्याची लांबी, नर-मादीचं प्रमाण, हे सगळं संगणकावर झालं. प्रबंधात त्याची पानं पुष्कळ आहेत, इथे सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

काही मासे आम्ही जिवंतही ठेवले. नळाचं पाणी क्लोरीन उडून जाईपर्यंत ठेवून मगच टाकीत घ्यायचं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेचा अमोनिया साठतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवायचे. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालायला हवा. मळ्याला वाहतं पाणी लागतं, म्हणून टाकीच्या एका टोकाला छोटा पंप लावून धार केली होती. मासे धारेच्या तोंडाशी काचेला चिकटून बसत आणि तिच्यावरचं शेवाळ साफ करत. मॉलमधल्या फिश-स्पामध्ये पायांची त्वचा खरवडणारा मासा याच वंशातला, पश्चिम आशियातला गारा रुफा. टाकीत आमच्या मळ्यांनी अंडी मात्र टाकली नाहीत. त्यांना काय कमी पडलं, हा प्रश्न माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

काम संपत आल्यावर नमुने आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा केले. पुण्याच्या माशांवर फ्रेझर यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. ती यादी मी कामाच्या काळात कायम जवळ ठेवली होती. आज शहरातल्या मुठेत जाळं टाकलं तर हाती येतात ते तिलापिया आणि गप्पी. तिलापिया १९५२ साली बाहेरून देशात आणला, गप्पी डासांसाठी सोडले. फ्रेझर यांच्या यादीतले पुष्कळ मासे पाहायला आता शहर सोडून धरणांच्या वर जावं लागतं. त्या माशांबद्दल यादीत नाव आहे, पण शहरातल्या त्या पात्रात ते अंडी कधी टाकत, कुठल्या धारेत टाकत, हे शोधायला आता मासाच नाही. माझे नमुने जमा करताना मी बरणीत चिठ्ठीबरोबर महिना, पाण्याचं तापमान आणि ग्रंथीची अवस्थाही लिहून ठेवली. पुढच्या माणसाला नुसतं नाव मिळू नये.

प्रबंध इंग्रजीत आहे. मराठीत मी दोन पानांचं टिपण केलं आणि वाडीत जाऊन वाचून दाखवलं. पहिला लागून पाऊस झाल्यानंतरचे साधारण पंधरा दिवस वरच्या खडकाळ धारेत जाळी-सापळे लावू नयेत, आणि डोहात ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग तर कधीच नको, एवढंच त्यात मागितलं होतं. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीच. ओढ्यातल्या माशालाही वीण असते, हे मी समजावून सांगितलं. महाडकडे वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही, हे तिथल्या काही जणांना माहीत होतं. एका आजींनी विचारलं, “मग चढणीचं कालवण करायचंच न्हाय का?” मी म्हटलं, करा, पण पहिली खेप जाऊ द्या. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. काहींना पटलं, काहींना नाही. ज्यांच्या घरी त्या दिवसांत दुसरं काही शिजत नाही, त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

त्या पावसाळ्यात मामांनी वरच्या धारेत जाळं लावलं नाही. पलीकडच्या वाडीतल्या पोरांनी लावलं. यंदा मृगाच्या आधी मी त्या पोरांकडे जाणार आहे. सोबत टिपण नसेल, मायक्रोस्कोप असेल आणि त्या काचपट्ट्या.